सव्वासहा माणसं

फुआतिनोचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. आधी डुकरांना खोबऱ्याचा चोथा. मग अंगणातली नीरफणसाची पानं. मग चूल पेटवून मोठ्या दिराच्या घरी कोकोची किटली. अंगण ती असं झाडायची की मागे एक पान राहत नसे. गावातल्या बाकीच्या सुना झाडतात तेव्हा पानं फक्त जागा बदलतात. मी कुंपणाच्या अलीकडे राहतो, चांगलं पाहिलेलं आहे.

ती समुद्रापलीकडच्या सवाई बेटावरची. लग्न होऊन आमच्या वाईतोआत आली. नवरा लोतो माझ्याबरोबर शेती संशोधन केंद्रात मजूर होता. अळूच्या लागवडीसाठी आम्ही खड्डे खणायचो. दीड वीत खाली गेलं की लाव्हाचा दगड, तो पहारीने फोडावा लागे. लोतोचा खड्डा तळापर्यंत सारख्या रुंदीचा असे. असं खणणारा मी दुसरा पाहिला नाही. त्याच्या रक्तात साखर होती. पायाला पहार लागली, जखम चिघळली, डॉक्टरांनी पाय कापला आणि तरीही तो गेला. घरासमोर त्याला पुरलं. वर काळ्या दगडांचा ढीग रचला.

मूलबाळ नव्हतं. अशा विधवेला आमच्याकडे माहेरी पाठवतात. फुआतिनो जायला तयार नव्हती. मेल्यावर लोतोच्या शेजारी जागा हवी, एवढंच तिचं म्हणणं.

नणंद आपाउला चार बायकांत मुद्दाम विचारायची, "वहिनी, माहेरी कोणी उरलं नाही का गं? की त्यांनीही दार लावून घेतलं?"

"वन्सं, कोको गार होतोय," फुआतिनो म्हणायची.

दीर फातू त्या घराचा मताई, म्हणजे घराच्या वतीने गावसभेत बसणारा. रोजच्या कटकटीला कंटाळून त्याने एकदा सांगून टाकलं, "जोड कबर बांध. सिमेंटची, फरशी लावून, एक बाजू मोकळी ठेवून. तुझी जागाच तिथे झाली की तुला कोण हलवणार? पण पैसा तुझा."

त्या दिवसापासून तिला जोड कबर हवी होती. ती झाली की ती वाईतोआची. नाही झाली तर आज ना उद्या सवाई.

काम मिळालं ते राजधानीत, आपियातल्या एका सरकारी कचेरीत. देशात संशोधन कोण करतं आणि किती करतं, याची पहिलीच पाहणी निघाली होती. शेती, मासे, रोगराई, जे काही असेल ते. तोवर कोणी मोजलं नव्हतं. फुआतिनोने जनगणनेत घरं मोजली होती, म्हणून तिला वर्षाच्या कंत्राटावर घेतलं. साहेबाचं नाव एनेलिको. वेलिंग्टनला शिकून आलेला, आमच्या उकाड्यात मोजे घालणारा. त्याने तिला समोर बसवून समजावलं.

"डोकी मोजायची नाहीत. संशोधनाला दिलेला वेळ मोजायचा. दोघांनी अर्धा अर्धा दिवस दिला तर तो एक माणूस. एकट्याने अर्धाच दिला आणि बाकीचा वेळ झोप काढली, तर तो अर्धा माणूस."

"आणि मेला असेल तर, साहेब?"

"मेलेला कसा असेल?"

"एका ठिकाणी आहे. पगार चालू आहे."

"त्याला शून्य लिही," एनेलिको म्हणाला. तो हसला नाही.

वर्षभर ती हिंडली. बस भरली की आमच्याकडे बसतात तशी लोकांच्या मांडीवर बसून जायची, पुढे पायी. लोक म्हणायचे, उद्या या. ती उद्या जायची. मासे खात्यातल्या साहेबाने तिला तीनदा परत पाठवलं. चौथ्या दिवशी ती उकडलेली केळी घेऊन गेली आणि त्याच्या दारातच जेवायला बसली. साहेबाला बाहेर पडायला जागा राहिली नाही. त्याने सगळं सांगितलं. इस्पितळ झालं, पाद्र्यांचं कॉलेज झालं, दारूची भट्टीसुद्धा झाली. पगारातला पैसा ती कबरीसाठी बँकेत टाकायची. घरात ठेवला असता तर फातूच्या पाहुण्यांनी खाल्ला असता.

शेवटी आमचं केंद्र राहिलं. देशातलं सगळ्यात मोठं, आणि आमच्याच गावाच्या डोंगरावर. केंद्राचा प्रमुख लेमासिना. गावातला सगळ्यात थोरला मताईही तोच. त्याच्याकडे परदेशातून आणलेली एक पदवी होती आणि गावाने दिलेली दुसरी, मताईपणाची. दुसरी मिळाल्यावर पहिलीला हात लावायला त्याला वेळ झाला नाही.

कचेरीतल्या दोघांनी तिथे जायला नकार दिला होता. एनेलिको फुआतिनोला म्हणाला, "तू जा. तुझ्या गावचेच आहेत. तुला ओळखतात."

"म्हणूनच, साहेब."

"म्हणूनच काय?"

"काही नाही. जाते."

तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी काम अर्ध्यावर टाकून आम्हाला वर बोलावलं होतं आणि माझा खड्डा उघडा राहिला होता. व्हरांड्यात लेमासिना खुर्चीत, बाकी सगळे चटयांवर. फुआतिनो सगळ्यांत शेवटी, मांडी घालून, डोकं खाली. ती एकेकाला विचारत माझ्यापर्यंत आली.

"भावजी, तुमच्या दिवसातला किती वेळ संशोधनात जातो?"

"वहिनी, मी खड्डा खणतो. त्यात काय उगवतं ते साहेब लोक बघतात."

"मग मजूर लिहिते."

"मजूरच लिही."

शिकलेल्या पदवीवाल्यांची पंचाईत झाली. कोणी पूर्ण म्हणाला, तर शेजारचा खोकला. मग तो अर्ध्यावर आला. एकजण म्हणाला, "अर्धा लिहिलंस आणि बायकोने वाचलं, तर उरलेला अर्धा दिवस कुठे होतो ते विचारेल." सगळे हसले. पूर्ण आणि अर्धे मिळून सहा भरले.

मग ती लेमासिनाकडे वळली. हसणं थांबलं. मताईला, तू किती काम करतोस, असं आमच्याकडे कोणी विचारत नाही. बाहेरून आलेल्या सुनेने तर नाहीच.

"सरकार, आपला किती वेळ?"

"सगळा," लेमासिना म्हणाला.

कचेरीचा नियम होता, गावसभा आणि चर्च वजा करायचं. ते तिला त्याच्या तोंडावर सांगायचं होतं. तिने तिला येत होती तीच रीत धरली.

"सरकार, सगळा कसा? सोमवारी आपण गावसभेत बसता. आपण नसाल तर ती सभा कसली?"

"मालिए!" कोणीतरी मागून दाद दिली, भाषणाला देतात तशी.

"मंगळवार, बुधवार मयतं आणि पदव्यांचे समारंभ. आपण जाऊन बसल्याशिवाय या किनाऱ्यावर मेलेला माणूस जमिनीत जात नाही."

"मालिए! मालिए!"

"गुरुवारी चर्चचं बांधकाम. आपण उभे नसाल तर गवंडी वीट उचलत नाही."

लेमासिनाचं अंग खुर्चीत पसरलं. "मग संशोधनाला उरलं काय, बाई?"

"शुक्रवार, सरकार. आणि थोडा गुरुवार. पाव धरू?"

"लिही पाव," तो म्हणाला. "माझा पाव या सगळ्यांच्या पूर्णाला भारी आहे." सगळे पुन्हा हसले. त्याने सही केली आणि तिला शहाळं फोडून द्यायला सांगितलं. गावात तिला त्याच्याकडून मिळालेली ती पहिली वस्तू.

तिच्या मनात खोट नव्हती. मताईला मोठं करायचं तर त्याच्या मागचे मानपान एकेक करून बोलून दाखवायचे, हे आम्ही लहानपणापासून शिकतो. तीही तेच शिकली होती आणि तोही. दोघांनाही ती स्तुतीच वाटली. वजाबाकी कोणाच्या लक्षात आली नाही.

पाच महिन्यांनी अहवाल आला. आमच्या केंद्रापुढे लिहिलं होतं: पगारावर एकतीस माणसं, संशोधन करणारी सव्वासहा. वर्तमानपत्राने तेवढीच ओळ उचलून पहिल्या पानावर छापली. वरचा पाव कोण, हे विचारायला लोकांना लांब जावं लागलं नाही. व्हरांड्यात बसलेल्या सगळ्यांनी घरी जाऊन सांगितलंच होतं.

आठवड्यात मंत्र्याने लेमासिनाची सरकारी गाडी काढून घेतली. सव्वासहा माणसांच्या केंद्राला दोन गाड्या कशाला, म्हणाला. सोमवारी लेमासिना बसने निघाला. बस भरलेली. मागची पोरं ओरडली, "अरे सरका, पाव आला!"

"सीट कशाला? मांडीवर घ्या. पावाचं वजन ते किती!"

"सरकार, तिकीटही पावच काढा!"

ड्रायव्हरने आरसा वळवून पाहिलं आणि तोही हसला. लेमासिना पुढच्या थांब्यावर उतरला आणि भर उन्हात गावापर्यंत चालत आला. मी त्याला तेवढं चालताना आधी कधी पाहिलं नव्हतं.

त्याच दुपारी गावसभा भरली. मताईची पदवी नसलेले आम्ही बाहेर दगडांवर बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं.

गावचा वक्ता काठी टेकून उभा राहिला. "सवाईहून आलेल्या एका बाईने आपल्या मताईचे चार तुकडे केले. एक ठेवला. तीन आपियाच्या कुत्र्यांना टाकले. फातू, ही बाई कोणाच्या घरात जेवते?"

"माझ्या," फातू म्हणाला.

एक म्हातारा मताई मध्येच म्हणाला, "पण पाव लिही, असं सरकार स्वतःच म्हणाले होते ना?"

कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. लेमासिना सभेत पितात त्या कावाचा पेला हातात धरून बसला होता. तो म्हणाला, "मी काय म्हणालो ते मला माहीत आहे. माझ्याकडून ते कोणी म्हणवलं, त्याचा हा निवाडा आहे."



दंड ठरला पाच मोठी डुकरं आणि डबाबंद मासळीची तीस खोकी, शनिवारच्या आत. नाहीतर फातूचं सगळं घर गावाबाहेर. फातूने मान डोलावली. पैसा कुठून येणार हे त्याने कोणाला विचारलं नाही. बाहेर आल्यावर त्याने फुआतिनोकडे फक्त हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी ती एनेलिकोकडे गेली. हे तिनेच मला कुंपणापाशी सांगितलं.

"साहेब, कचेरीने एक पत्र दिलं तर बरं होईल. मी माझ्या मनाने काही लिहिलं नाही, नियम होता, एवढंच."

"आकडा बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

"मग पत्र कशाला? फुआतिनो, आपल्या पाहणीचं बाहेरच्या देशांनी कौतुक केलंय. आपल्याइतका चोख आकडा आसपासच्या बेटांत कोणाकडे नाही."

"मला गावातून घालवतील, साहेब."

"ते गावाचं झालं," एनेलिको म्हणाला. "त्यात कचेरी कशी पडणार?" त्याने कपाटातून एक टोपी काढून तिला दिली. तिच्यावर पाहणीचं नाव छापलेलं होतं. कंत्राट संपलेलं होतं आणि नवीन निघणार नव्हतं. एकदा मोजून झालं होतं.

तिने बँकेतला सगळा पैसा काढला. डुकरं स्वतः पारखून घेतली, पाचही जड. मासळीची खोकी ट्रकवरून एकेक करून तिने उतरवली. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "भावजी, राहू द्या. माझी आहेत."

शनिवारी डुकरं भाजायचं काम आम्हा पदवी नसलेल्यांकडे. दगड तापवायचे, पोटात गरम दगड भरायचे, केळीच्या पानांनी झाकायचं. दगड पांढरे पडल्याशिवाय घाई करायची नाही. मग मानाप्रमाणे तोडायचं. पाठीचा भाग थोरल्या मताईला, मांडी वक्त्याला, पुढचे पाय त्याखालच्यांना, डोकं आम्हाला. सुरी मीच चालवली. एकही तुकडा वाकडा गेला नाही.

जेवण झाल्यावर मताईंचे हात धुवायला पाण्याचं भांडं आणि टॉवेल घेऊन सुना फिरतात. लेमासिनासमोर फुआतिनो आली. तो बोटं धूत म्हणाला, "डुकरं बारीक होती."

"हो सरकार," ती म्हणाली.

"पाव-पाव असतील," वक्ता म्हणाला. मग मात्र सगळी सभा हसली. लेमासिनाही हसला. पाव आता त्याच्यावरून उतरला होता.

उरलेली मासळीची खोकी मताईंच्या घरोघर गेली. फातूच्या घरीही दोन आली, कारण तोही मताई.

अंगणात भांडी घासायला बसलेल्या फुआतिनोजवळ आपाउला येऊन उभी राहिली. "वहिनी, दंड फिटला. घर वाचलं, देवाची कृपा. आता तू काय करणार?"

"वन्सं, कबरीचं दादांनी सांगितलं होतं."

"सिमेंटला पैसा आहे?"

"नाही."

"मग?"

फुआतिनोने फातूकडे पाहिलं. तो पायरीवर बसून दात कोरत होता. तो म्हणाला, "लोकांसमोर मला मान खाली घालावी लागली. तुझ्यासाठी मी आणखी किती सोसू?" आणि आत गेला.

तिने भांडी पूर्ण घासली. पातेल्यांची बुडंसुद्धा खरवडून काढली. सोमवारी पहाटे डुकरांना चोथा टाकला, अंगण झाडलं, कोकोची किटली नेऊन ठेवली आणि एक चटई व एक पिशवी घेऊन बसच्या रस्त्याला लागली. दगडांच्या ढिगापाशी थांबली की नाही, ते मला दिसलं नाही. माझ्या बाजूने अंधार होता.

दंड देऊन झाल्यावर तिच्या वर्षाच्या पगारातलं जे उरलं होतं, त्यात मुलिफानुआच्या धक्क्यापर्यंतचं बसभाडं आणि सवाईच्या बोटीचं एक तिकीट आलं.