हरणाचं चाक

गल्लीत त्यांना सगळे अस्सलकाका म्हणत. त्यात कौतुक किती आणि कुचेष्टा किती, हे फक्त त्यांनाच कधी कळलं नाही. पाणीखात्यात मीटर तपासनीस म्हणून त्यांचा जन्म गेला. कुणी मीटरचं सील फोडून पुन्हा चिकटवलंय, कुणी काच बदललीय, हे शोधून काढायचं आणि त्या घरच्या माणसाकडे चोरासारखं बघायचं, हे काम. माणसाने आयुष्यभर संशय घ्यायचा पगार खाल्ला की निवृत्तीनंतर पगार थांबतो, संशय थांबत नाही. काका जुन्या सायकलींकडे वळले आणि शहरातल्या जुन्या सायकलवाल्यांची साडेसाती सुरू झाली.

या सायकलवाल्यांचं एक मंडळ होतं. त्याचं वर्षातून एकदा प्रदर्शन भरे, आणि तिथे आलेली सायकल कुठल्या कारखान्याची, तिच्यातलं मूळचं किती आणि मागून घातलेलं किती, हे ठरवायचं काम काकांनी स्वतःकडे ओढून घेतलं होतं. खिशात भिंग, कमरेला चिंधी आणि हातात काडीला बांधलेला छोटा आरसा. पायडलच्या आसाखाली, सायकलच्या अगदी पोटाशी नंबर कोरलेला असतो, तो या आरशात बघायचा. बघता बघता काका नाकाने असा आवाज काढत की सायकलवाला आपसूक दोन पावलं मागे सरके.

एकदा एका दातांच्या डॉक्टरांनी आजोबांची सायकल मोठ्या हौसेने आणली. काकांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि सगळ्यांसमोर निकाल दिला. "मडगार्ड एकाचं, घंटी दुसऱ्याची, सीट तर कालची. डॉक्टर, ही सायकल नाही, ही कवळी आहे." लोक हसले. डॉक्टर पुन्हा मंडळात दिसले नाहीत, आणि काकांनी हा आपला विजय समजून घरी दोन वेळा सांगितला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला भिंग घेऊन फिरणारा हा माणूस होता.

सगळ्यात मानाचा गट होता 'एकाच घरातली सायकल'. त्यासाठी काकांनीच एक नियम करून घेतला होता. सायकल पहिल्यापासून पाहिलेलं घरातलं एक जिवंत माणूस सोबत आणायचं, आणि त्याने चारचौघांत सांगायचं की ही तीच. भंगारातून उचलून आजोबांच्या नावावर खपवणाऱ्यांची तोंडं बंद करायला केलेला नियम. बऱ्याच जणांची बंद झालीही. कुणाचे आजोबा गेलेले, कुणाच्या मावशीला काही आठवत नसलेलं. मानाची जागा वर्षानुवर्षं रिकामी राहिली. ती कुणासाठी राखून ठेवलीय, हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं.

कारण काकांच्या घरात, बाहेरच्या खोलीत, त्यांच्या वडिलांची सायकल उभी होती. वडील औषधाच्या दुकानात कामाला होते आणि घरोघरी बाटल्या पोचवायचे. त्या सायकलचं दातेरी चाक, ज्यावरून चेन फिरते ते, सुरेख होतं. त्याच्या मधोमध धावतं हरीण कापून काढलेलं. काकांची अगदी पहिली आठवण त्या हरणाची. फरशीवर पालथं पडायचं, हाताने पायडल गरगर फिरवायचं आणि हरीण पळताना बघायचं. आयुष्यात त्यांनी संशय घेतला नाही अशी ही एकच वस्तू.

तिथेच घोडं पेंड खात होतं. हरणाचं चिन्ह एका जुन्या कारखान्याचं, म्हणजे सायकल त्या कारखान्याची, हे काकांनी पक्कं धरलं. मग बाकीची सायकल त्या चाकाला लावून बघितली, तर काहीच जुळेना. फ्रेमवरचा नंबर त्या कारखान्याच्या कुठल्याच वर्षात बसेना. पुढच्या बिल्ल्याची दोन भोकं हरणाच्या बिल्ल्याहून लांब लांब. आणि आडव्या दांडीवर कुणीतरी काही अडकवायला पितळेचा ओबडधोबड आकडा डाग देऊन चिकटवलेला. काकांनी नाक मुरडलं. बाबांना कुणीतरी फसवून फ्रेम बदलली, आणि त्या भोळ्या माणसाला पत्ताच लागला नाही, असा त्यांनी स्वतःच्या बापाबद्दल निष्कर्ष काढला.

मग सुरू झाली शुद्धी. आधी सीट गेली. मग हँडल, मडगार्ड, पुढचं चाक धरणारा चिमटा, दोन्ही चाकं. हरणाच्या कारखान्याचा एकेक तुकडा काका कुठून कुठून मिळवत आणि घरातल्या भाज्यांच्या टोपलीत आणून ठेवत. काकू म्हणत, "अहो, सासऱ्यांची सायकल आहे की लग्नाचं स्थळ? किती खोट काढाल?" काका टोपलीतला पुढचा तुकडा पुसायला घेत. शेवटी हरणाची, बरोब्बर नंबराची फ्रेम मिळाली आणि जुनी फ्रेम त्यांनी कोपऱ्यावरच्या धारवाल्याला फुकट देऊन टाकली. धारवाल्याला सुऱ्याकात्र्यांना धार लावायचा दगड बसवायला काहीतरी हवंच होतं. "घेऊन जा," काका म्हणाले. "या सांगाड्याला ना आई ना बाप."

तेव्हापासून धारवाला त्या फ्रेमवर दगड बसवून, पायडल मारत, गल्लीच्या तोंडाशी ठिणग्या उडवत बसे. काका रोज जाता येता त्याला एखादा टोमणा हाणत. पाहुणे आले की त्यांना खिडकीशी नेऊन खाली बोट दाखवत आणि सांगत, बनावट फ्रेम कशी ओळखायची ते बघा. पाहुणे बघत. धारवाला खालून हात करी. त्याला वाटे, आपलं कौतुक चाललंय.

या वर्षी सायकल पुरी झाली. आता हवं होतं फक्त ते जिवंत माणूस, आणि ते जगात एकच उरलं होतं. काकांची थोरली बहीण, ताई. ती काकांहून पुष्कळ मोठी, दुसऱ्या गावी मुलीकडे राहणारी, गुडघ्यांनी बेजार. इतक्या वर्षांत काकांनी तिच्या गुडघ्यांची चौकशी केली नव्हती. आता मात्र फोनवर फोन केले, गाडी पाठवली, बाहेरच्या खोलीतली सायकल पुन्हा पुसली. उद्या प्रदर्शन. ज्या ज्या माणसाला काकांनी आजवर तोंडघशी पाडलं होतं तो प्रत्येक जण येणार होता, आणि काकांची जीभ आता किती वळते ते बघणार होता. ताईने नुसतं 'हीच ती' म्हटलं की झालं.

ताई आली. काठी टेकून दारात उभी राहिली आणि पहिलंच म्हणाली, "बरं केलंस रे. बाबांची सायकल कामाला लावलीस. मला वाटलं होतं, मोडीत घातली असशील."

काकांना काही कळलं नाही. त्यांनी तिला हाताला धरून सायकलीपुढे उभं केलं. ताईने सायकलीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, पुन्हा सायकलीकडे पाहिलं.

"ही कुणाची?"

"अगं, बाबांची."

"बाबांची खाली कोपऱ्यावर आहे. मी आत्ता गाडीतून उतरताना हात लावून आले. माझ्या दप्तराचा आकडा आहे की तिला. मी पुढे दांडीवर बसायचे, दप्तर मांडीवरून घसरायचं, म्हणून बाबांनी तो लावून घेतला होता. त्या माणसाने पाण्याची बाटली अडकवलीय त्याला."

काकांनी तिला हरीण दाखवलं. हे तरी बघ म्हणाले. हे तर पहिल्यापासूनचं आहे.

ताई हसली. "हे होय? तू पाळण्यात होतास तेव्हा बाबा सायकलसकट गटारात पडले, आणि चाकाचे दाते मोडले. भंगारवाल्याकडे गेलो तर तिथे तीन-चार चाकं होती. मी हट्ट धरला, हरणाचंच हवं. त्या सायकलीत परकं असं एवढंच होतं, बघ."

खोलीत काकू होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. जन्मभर काकांनी ज्या एका तुकड्यावर विश्वास ठेवला, तेवढाच भंगारातला निघाला होता, आणि त्याला जुळावं म्हणून त्यांनी बापाची अख्खी सायकल सुटी करून वाटून टाकली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा हे तरी परवडलं. यांनी कळसा स्वतःच्या हाताने देऊन टाकला होता, वर शिवी हासडून.

मग ते चपला न घालताच खाली गेले. धारवाला कात्री घासत होता. काका रस्त्यावर गुडघे टेकून बसले आणि त्यांनी मान वाकडी करून फ्रेमच्या पोटाखाली पाहिलं. आरसा वरच राहिला होता. बोटाने तेल-माती खरवडली, नंबर वाचला. मग आडव्या दांडीवरच्या त्या पितळेच्या आकड्यावर हात ठेवून ते तसेच बसून राहिले. आकडा आतल्या बाजूने झिजून गुळगुळीत झाला होता, नुसत्या एका शाळकरी पोरीच्या दप्तराच्या पट्ट्याने. हजार सायकलींच्या झिजा त्यांनी भिंगातून वाचल्या होत्या. ही त्यांनी पाहिलीच नव्हती.

त्यांनी फ्रेम परत मागितली. नवी घेऊन देतो म्हणाले, दुप्पट चांगली देतो म्हणाले, गयावया केली. धारवाल्याने दगड थांबवला. तो रागावला नव्हता, इतकंच की त्याचं पाठांतर बरं होतं.

"काका, याला ना आई ना बाप, असं तुम्हीच म्हणाला होतात. मी आहे आता याला."

काका वर आले. ताई खुर्चीत पाय चोळत बसली होती. भावाचं तोंड पाहून तिला कीव आली. ती म्हणाली, हवं तर मी उद्या सांगते की हीच ती, या वयात मला कोण पकडणार आहे. जन्मभर दुसऱ्यांची खोटी साक्ष पकडणाऱ्या माणसापुढे त्याच्याच बहिणीने खोटी साक्ष ठेवली, आणि कबूल करायला हवं, त्या क्षणी काकांच्या डोळ्यांत लालूच आली. काकूंनीही ती पाहिली. मग काकांनी मान हलवली. नको म्हणाले. इतकं एक बरं काम त्यांच्या नावावर लिहायला हरकत नाही.

मानाची जागा यंदाही रिकामी राहिली. दातांचे डॉक्टर मुद्दाम आले होते म्हणे, आणि कवळी कुठेय असं विचारून गेले.

काका आता मंडळात जात नाहीत. सकाळी एखादी सुरी कागदात गुंडाळून खाली उतरतात, धारवाल्यापुढे धरतात आणि धार लागेपर्यंत आडव्या दांडीवर हात टेकून उभे राहतात. धारवाल्याला दांडीवर हात टेकलेला चालतो. घरातल्या सुऱ्या इतक्या झिजल्या आहेत की त्यांची पाती काडीएवढी उरली, आणि काकूंची दोन बोटं कायम चिंधीत असतात. परवा त्यांनी काकांच्या हातात पोळ्यांचं लाटणं दिलं. म्हणाल्या, याला लावून आणा धार, पण सुऱ्या राहू द्या.

काका लाटणं घेऊन खाली गेले.