मूठभर राख मिळण्याबाबत

दवाखान्यांचे कागद करणारा माणूस मी. नोंदणी, फायर, कचरा, संमतीपत्रं, सगळं. चंद्रपूर-गडचिरोलीत फिरता फिरता फायली जाड होतात आणि किस्से त्याहून जाड. फायली निदान ऑफिसात ठेवता येतात, किस्से घरी येतात!

*

सावलीकडच्या एका मेडिकलवाल्याला फ्रिजचं तापमान रोज लिहायचा भारी कंटाळा. पठ्ठ्यानं महिन्याचं रजिस्टर एक तारखेलाच भरून टाकलं! वर खरं वाटावं म्हणून एका मंगळवारी लिहिलं, 'दुपारी दोन ते पाच वीज नाही.' मी पकडलं, चांगलं झापलं.

त्या मंगळवारी दोनला वीज गेली. पाचला आली.

तेव्हापासून गडी रोजच्या रोज लिहितो. म्हटलं, "सुधारलात की भाऊ!"

"सुधारलो कायचा! पुढचा महिना भरायले बसलो अन् एका तारखेले 'दुकान बंद' लिहायले गेलो. पेनच खाली ठेवला ना जी!"

*

एका नर्सिंग होममध्ये फायर ड्रिल घेतली. सायरन वाजला, सगळे बाहेर, झाडाखाली मोजणी. आत नऊ जण होते, बाहेर दहा भरले! डॉक्टरांनी दोनदा मोजलं, मी एकदा. दहाच. आणि परका चेहरा एकही नाही.

"काय लिहू?" मी विचारलं.

"दहा लिहा. आत कोणी राह्यलं नाई पायजे, एवढंच आहे ना नियमात?"

*

सिरोंचाचे एक म्हातारे डॉक्टर वारले. मी रीतसर त्यांची पाटी उतरवली, रजिस्ट्रेशन नंबर रद्द करून घेतला. दवाखाना लेक चालवते. आठवड्याभरात, मी तिथेच असताना, एक बाई औषधाची चिठ्ठी घेऊन आली. तारीख आजची, अक्षर बापाचं!

"डोस बरोबर आहे?" मी कसंबसं विचारलं.

"बरोबर आहे," लेक म्हणाली. मग तिनं चिठ्ठी माझ्यापुढे धरली. "रजिस्ट्रेशन नंबरची जागा तेवढी बाबांनी रिकामी सोडली."

*

हा एक मात्र मी हसत सांगू शकत नाही.

बाळंतपणानंतर पडणारी वार पिवळ्या पिशवीत टाकायची, वजन करायचं, बारकोड लावायचा आणि कचऱ्याच्या गाडीत द्यायची. पुढे सगळ्या दवाखान्यांचं एकत्रच जळतं. नियमाचा हा तक्ता एका दवाखान्यात मीच लावला होता. तिथे एका आजीनं नातीची वार मागितली. त्यांच्या गावात ती घराच्या दारात पुरतात. सिस्टरनं तक्त्याकडे बोट दाखवलं.

"पुरली नाई तर पोर घरी थांबत नाई, बाई," एवढं बोलून आजी गेली.

तीन वर्षांनी, तक्ता कोणी लावला ते विचारत, ती मला शोधत आली. पोरगी रोज घरातून निघून जात होती. दोनदा जंगलाच्या वाटेवर सापडली, एकदा नाल्यापलीकडे. दिशा नेहमी एकच.

"तिकडं काय आहे, साहेब? एखाद्या दिवशी सापडनार नाई मले ते."

कचऱ्याची गाडी त्याच दिशेला जाते.

मी अर्ज लिहिला. विषय : मूठभर राख मिळण्याबाबत. नकार आला, नियमानुसार. मग आयुष्यात पहिल्यांदा मी नियम मोडला. गाडीवाल्याकडून तिथल्या जुन्या ढिगातल्या राखेची पुडी मिळवली आणि आजीसोबत जाऊन दारात पुरली.

महिन्याभरानं विचारायला गेलो.

"आता कुठीच जात नाई. दारातच खेळते," आजी म्हणाली. "पन तिचं एकटीचं ताट वाढलं तर जेवत नाई. सगळ्यांचं वाढा म्हनते."