वायरलेसची वायर

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण हे सांगताना माझं डोकं अजून तापतं!

मी तेव्हा मुरबाडच्या एका शाळेत गणित शिकवायचे. दहावीचा निकाल नुकताच इंटरनेटवर लागायला लागला होता. शाळेतलं नेट मुख्याध्यापकांच्या ऑफिसात आणि कॉम्प्युटर पटांगणापलीकडच्या वर्गात! वायर ओढू म्हटलं, तर सर म्हणाले, "भिंतींना आत्ताच रंग दिलाय. एक भोक पाडायचं नाय!"

"मग वायरलेस करू!" मी ठणकावलं. "निकाल बघायला पोरींनी कल्याणला कशाला धावायचं? इथंच बघतील!" पालकांनाही सांगून मोकळी झाले.

आमच्या कॉम्प्युटरवर लिनक्स होतं. विंडोजच्या जागी चालणारं, फुकट, आणि वर कायदेशीर. मीच हट्टानं टाकलेलं! त्याची एकच खोड. वायरलेस कार्ड कुठलंही चालत नाही, आतली चिप ओळखीची लागते. मी जीपनं कल्याण गाठलं, तिथल्या सायबर कॅफेत शोधशोधून चालणारं कार्ड हेरलं, दुकानातून आणून लावलं. कॉम्प्युटर ढिम्म!

का? तर कंपनीनं खोका तोच ठेवला, नंबर तोच ठेवला आणि आतली चिप गुपचूप बदलली! ही काय रीत झाली? उद्या तूरडाळीच्या पाकिटात मसूर भराल?

भांडून कार्ड बदलून आणलं. या वेळी चिप बरोबर. लिनक्सनं कार्ड ओळखलं, हिरवा दिवा लागला. पण नेट? पडद्यावर आपलं एकच, नेटवर्क सापडत नाही!

निकालाच्या आदल्या सकाळी माझ्या वर्गातल्या सुजाताची आई आली. "बाई, उद्या दिसेल ना निकाल? नायतर पोरीला मामाकडं कल्याणला धाडते."

"दिसणार म्हणजे दिसणार!" म्हटलं आणि तणतणत पुन्हा जीप पकडली.

दुकानात असा आवाज चढवला, की बाकीची गिऱ्हाइकं बाजूला सरकली. दुकानदारानं शांतपणे कार्ड आपल्या मशीनला लावलं, माझी लिनक्सची सीडी घातली. नेट सुरू!

"चालतंय की, मॅडम."

"मग शाळेत काय धाड भरते त्याला?"

"तिथं राउटर कुठलाय?"

"राउटर कशाला? मोडेम आहे की ऑफिसात!"

"त्याला अँटेना?"

"अँटेना नाही. वायर आहे."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "मॅडम, कार्ड ऐकणार. पण पलीकडून बोलणारं कुणी नको का?"

अहो, मग हे आधी सांगायला काय झालं होतं? आणि मी तरी! चिपांच्या जाती तोंडपाठ, पण सिग्नल येणार कुठून, हा साधा प्रश्न पडू नये?

वायरलेसचा राउटर त्याच्याकडं संपलेला. मुकाट्यानं कार्ड परत केलं आणि वायरचं भेंडोळं घेऊन आले. वायर ऑफिसच्या खिडकीतून काढून, पटांगणावरून कडुलिंबाच्या फांदीला बांधत वर्गाच्या खिडकीत नेली. भोक एकही नाही!

दुसऱ्या दिवशी निकाल दिसला. सुजाता फर्स्ट क्लास! तिच्या आईनं सगळ्यांदेखत मला मिठी मारली.

तेवढ्यात सर मान वर करून म्हणाले, "बाई, तुमी तर वायरलेस म्हणत होतात ना? मग हे डोक्यावर काय लोंबतंय?"

"सर," मी तशीच तोऱ्यात म्हटलं, "ती वायरलेसचीच वायर आहे!"