बँकेतले वडील

अंधेरीला इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेला माझ्या शेजारी एक नर्स बसली होती. नाव विचारायचं राहिलंच. परदेशातल्या नोकरीसाठी तिची ही तिसरी खेप, माझी पहिली. डोळे मिटून, बोटं मोडत ती उत्तरं पुटपुटत होती. मध्येच तिने मला इंग्रजीत विचारलं, "तुझे वडील काय करतात?"

"बँकेत मॅनेजर आहेत," मी घडाघडा म्हणाले.

ती हसली. "क्लासच्या नोट्समधले ना? मागच्या वेळी माझेही होते. बँकेत नेमकं काय करतात विचारलं, आणि माझी वाट लागली. खरे काय करतात गं?"

"वॉचमन आहेत."

"मग तेच सांग. त्यांचं तुला सगळं माहीत आहे."

आत तोच प्रश्न आला. वॉचमन म्हटल्यावर पुढचा आला, दिवसभर गेटवर काय करतात? मी बोलतच राहिले. शेवटी परीक्षकानेच हात वर करून थांबवलं.