रुमालाखालचं असाइड

पुंजाराम वाबळे सरांना पुंजाराम अशी हाक जगात कुणीच मारत नाही. नाव आजोबांचं ठेवलं, पण आईला सासऱ्याचं नाव तोंडातून काढता येईना, म्हणून घरात ते बापू झाले. शाळेत वाबळे सर. आणि बायको ज्योती चिडली की 'अहो इंग्रजी'.

काष्टीच्या अलीकडं एक हायस्कूल आहे, तिथं सर इंग्रजी शिकवतात. सहा वर्षं त्यांच्याकडं पाचवी होती. एम. ए. झालेला माणूस सहा वर्षं पोरांकडून हत्ती, घोडा, आंबा यांचं इंग्रजी करून घेत होता. यंदा जूनमध्ये त्यांना नववी मिळाली. त्या दिवशी वडिलांनी पारावर जाऊन सांगितलं, "आमचा बापू आता वरच्या वर्गाला इंग्रजी घेतो." पारावरच्या मंडळींना वरचा वर्ग म्हणजे वरच्या मजल्यावरचा वाटला, पण आनंद सगळ्यांना झाला.

दिवाळीनंतर मोठ्या मॅडमनी सरांना बोलावून घेतलं. खुर्शीद शेख मॅडम मुख्याध्यापिका. मराठी अभिजात झाल्यापासून हा शब्द त्यांना फार आवडायला लागला होता.

"वाबळे सर, नववीला एखादं अभिजात इंग्रजी नाटक बसेल का?"

"बसवू की मॅडम. गॅदरिंगला ना?"

"बसवायचं नाही हो. शिकवायचं. चार-पाच तासांत बसेल का, म्हणते मी."

"म्हणजे बसवायचं, पण शिकवून?"

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गुरुवारी मी मागच्या बाकावर बसून तुमचा तास बघणार. जमलं तर नववी तुमच्याकडं राहील. नाही जमलं तर नववी मी घेते, तुम्ही आपली पाचवी सांभाळा. पोरांचं पुढं दहावीचं वर्ष आहे, सर. मला राग नाही तुमचा."

राग नसलेलीच माणसं जास्त घाबरवतात. सर घरी आले ते पाचवी डोळ्यांपुढं घेऊनच.

नाटक त्यांना एकच येत होतं, बी. ए.ला लागलेलं. चारशे वर्षांपूर्वीचं. त्यात एक राजा असतो, त्याचा मेहुणा असतो, आणि मेहुण्याला राज्य पाहिजे असतं. मेहुणा जेवणावळ घालतो, तोंडानं गोड बोलतो आणि विषाचा पेला राजाच्या हातात देतो. सरांनी पहिला प्रवेश सोप्या इंग्रजीत उतरवला, झेरॉक्स काढल्या आणि पाठाचं टाचण लिहायला बसले. उद्दिष्टाच्या रकान्यात लिहिलं, 'विद्यार्थ्यांना नाटकाची गोडी लागेल.' मग पेल्याची आठवण झाली आणि गोडी खोडून आवड केली.

सोमवारी वाचन झालं. राजा झाला आकिब. त्याच्या वडिलांचं काष्टीच्या बाजारात दोरखंड-घुंगरांचं दुकान लागतं, त्यामुळं आवाज मोकळा. मेहुणा झाला रविराज. त्याचे चुलते बैलांचे व्यापारी, त्यामुळं आवाज गोड. रविराजनं झोकात सुरुवात केली. "असाइड, टुनाइट यू विल ड्रिंक युवर लास्ट कप!"

"अरे, असाइड वाचायचं नसतं," सर म्हणाले. "ती सूचना आहे. म्हणजे हे वाक्य राजाला ऐकू जात नाही, फक्त प्रेक्षकांना जातं."

ज्ञानेश्वरीचा हात वर गेला. ही पोरगी हात वर करायची तेव्हा सगळेच सर आधी घड्याळाकडं बघायचे.

"सर, राजा किती लांब हाय?"

"शेजारीच. खेटून."

"आन् प्रेक्षक?"

"ते लांब. खाली."

"मग लांबच्याला ऐकू येतं आन् खेटून बसलेल्याला न्हाई, असं कसं? राजा बहिरा हाय का?"

"ए, म्या न्हाई बहिरा हां," आकिब म्हणाला. "सर, आदीच सांगतो. बहिऱ्याचं काम आसंल तर दुसरा बगा."

वर्ग हसला. सरही हसले, पण खोटं. सहा वर्षांत, बी. ए.त आणि एम. ए.त, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. आता पडला आणि उठेना. शेजारच्याला ऐकू जात नाही आणि मागच्या बाकावरच्याला जातं. का? शब्दकोशात पाहिलं तर 'बाजूला' एवढंच. कोण बाजूला, कशाच्या बाजूला, काही नाही.

रात्री जेवताना त्यांनी ज्योतीला विचारलं. ज्योती पारनेरची, विज्ञान शाखेची, तिला उत्तर लगेच सापडलं.

"अहो, मालिकेत नाही का, ती सासू मनातल्या मनात बोलते? तोंड मिटलेलं असतं, सुनेला कळत नाही, आपल्याला सगळं ऐकू येतं. तसंच."

"पण तोंड मिटून रविराज बोलेल कसा?"

"ते तुमचं तुम्ही बघा. आमटी वाढू का?"

मंगळवारी सरांनी प्रयोग सुरू केले. शब्दकोशाला मान देऊन रविराजला म्हणाले, "तू बाजूला जाऊन बोल." रविराज आज्ञाधारक, तो थेट व्हरांड्यात गेला आणि तिथं काय बोलला ते राजालाही कळलं नाही आणि प्रेक्षकांनाही नाही. मग तोंडाला आडवा हात लावून झालं. ज्ञानेश्वरी म्हणाली, "ह्यो पान थुकतोय का?" मग राजाला कानात बोटं घालायला लावली. आकिबनं घातली, आणि पुढं स्वतःचं वाक्य आलं तेही त्याला कळेना.

शेवटी रविराजच म्हणाला, "सर, बाजारात चुलते करत्यात तसं करू का? बैलाचा सौदा चारचौघांतच हुतो, पन रुमालाखाली. हातावर रुमाल टाकायचा, आत बोटं दाबून भाव ठरवायचा. भवती मानसं उभी आसत्यात, कुनाला पत्ता लागत न्हाई."

सरांचा चेहरा उजळला. चारचौघांत, तरी गुपित! हेच तर असाइड! असाइडचं वाक्य आलं की रुमाल टाकायचा, ही खूण. टाचणात शैक्षणिक साहित्यात त्यांनी ठसठशीत लिहिलं, 'टॉवेल (एक).' ज्ञानेश्वरीचा हात पुन्हा वर येत होता, तेवढ्यात घंटा झाली. बुधवारी गावातले एक जुने सरपंच वारले आणि शाळा सुटली. त्यामुळं टॉवेलची तालीम काही झाली नाही.

गुरुवारी खुर्शीद मॅडम मागच्या बाकावर बसल्या. बाक नववीच्या पोरांचा, मॅडमचे गुडघे अडकले, पण वर्ग हसला नाही. इतकी शिस्त पाहून सरांना बळ आलं. सुरुवात झकास झाली. आकिब राजासारखा बसला, रविराज मेहुण्यासारखा वाकला. "माय डिअर ब्रदर!" असं म्हणाला तेव्हा मॅडमच्या तोंडावर हसू आल्यासारखं वाटलं.

आणि असाइड आलं. रविराजनं खांद्यावरचा टॉवेल काढला, आकिबचा हात धरला, वर टॉवेल टाकला.

आणि गप्प बसला.

टॉवेलाखाली काहीतरी हलत होतं. आकिब टक लावून छताकडं बघत होता. तोंडावरची रेषाही हलू द्यायची नाही, ही बाजारातली रीत. वर्ग श्वास रोखून होता. मॅडम पुढं वाकल्या.

सर रविराजच्या शेजारीच उभे होते. त्यांनी दात आवळून कुजबुज केली, "अरे, बोल की! वाक्य म्हण वाक्य!"

ती कुजबुज पहिल्या बाकानं ऐकली, मधल्यांनी ऐकली, मागं खुर्शीद मॅडमनीही ऐकली. रविराज सौद्यात होता. त्याला काही ऐकू गेलं नाही.

मग टॉवेल निघाला आणि रविराजनं पेला पुढं केला. "ड्रिंक, माय किंग."

"न्हाई पीत जा," आकिब म्हणाला. मग आठवून, "नो. आय नो ड्रिंक."

"आरं, पी की!"

"ह्यात ईख हाय."

सर मध्ये पडले. "तुला कुणी सांगितलं विष आहे म्हणून? राजाला ते माहीतच नसतं!"

"ह्यानंच की, सर! सगळी बोटं धरली आन् एकदम सोडली. म्हंजी माल खोटा हाय, हात लावू नको."

"रविराज! तू राजालाच सांगितलंस?"

"मग कुनाला सांगू, सर? रुमालाखाली समोरच्यालाच सांगत्यात की. भवतालच्यांना न्हाई सांगत."

वर्गात कल्ला उडाला. निम्म्यांचं म्हणणं राजानं मेहुण्याला आत्ताच धरावं, निम्म्यांचं म्हणणं पेला मेहुण्यालाच पाजावा. सरांना एवढंच दिसत होतं, की अजून चार अंक शिल्लक आहेत, राजा पहिल्यातच मरायला हवा होता, आणि तो समोर धडधाकट बसून भांडतोय. त्यांना पाचवीचा हत्तीही दिसला.

त्या गोंधळात ज्ञानेश्वरी उठून उभी राहिली. या वेळी हात वर न करता.

"सर, कळलं! तुमी मगाशी रविराजला म्हनलं, बोल की. आमाला समद्यांना ऐकू आलं, मॅडमना पन आलं. तुमी त्याला खेटून हुता, आन् त्याला न्हाई आलं! त्येचं ध्यान दुसरीकडं हुतं. राजाचं पन ध्यान जेवनात आसंल. हेच का असाइड?"

"खाली बस," सर म्हणाले. ती एवढी का खूश झाली हे त्यांना समजलं नाही. मी कधी म्हणालो, हेही आठवेना.

घंटा झाली. मॅडम बाकातून सुटून पुढं आल्या. रविराजच्या हातातला पेला घेऊन त्यांनी आत पाहिलं.

"वाबळे सर, तुमचं नाटक मला काही समजलं नाही," त्या म्हणाल्या. "पण त्या मुलीला समजलं. तेही तुमच्यामुळंच. कसं, ते मात्र कळलं नाही."

"मॅडम, मग नववी..."

"आता हा राजा मरतो का वाचतो, ते मला बघायचंय. सोमवारी परत येते. नाटक संपेपर्यंत नववी तुमच्याकडंच."

मॅडम गेल्या. सर तिथंच उभे राहिले. आपण पास झालो की नापास, का फक्त लांबणीवर पडलो? नाटक लवकर संपवलं तर नववी जाते. न संपवलं तर अभ्यासक्रम राहतो, आणि तरीही नववी जाते. आणि राजाला मारावं कसं, आता त्याला सगळं कळलंय.

"रविराज," ते हळूच म्हणाले, "सोमवारी राजाचं काय करायचं रे?"

रविराजनं आजूबाजूला पाहिलं. अर्धा वर्ग अजून तिथंच घुटमळत होता.

"हात आना, सर," तो म्हणाला.

सरांनी हात पुढं केला. वर टॉवेल पडला. आत रविराजनं दोन बोटं दाबली, एक सोडलं, मग तळहातावर अंगठा टेकवला. भोवती पोरं छताकडं बघत उभी राहिली. सरांना त्यातलं काहीएक कळलं नाही. पण एवढ्या पोरांसमोर कळलं नाही म्हणायचं कसं, म्हणून त्यांनी मान डोलावली.

"ठरलं मग," रविराज म्हणाला आणि टॉवेल झटकून खांद्यावर टाकला.