तोआ पायोहच्या मठातलं तांदळाचं कोठार

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. जे मोजता येत नाही ते मी कधी मानलं नाही, आजही फारसं मानत नाही. तरी हे लिहितेय, कारण ते रीडिंग मी स्वतः घेतलं होतं.

माझा नवरा समीर जाऊन तेव्हा काही महिने झाले होते. मी ऑफिसला जायचे, फ्लॅटवर परत यायचे. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती... काहीच होत नव्हतं.

तोआ पायोहला एचडीबी ब्लॉक्सच्या, म्हणजे सरकारी घरांच्या उंच इमारतींच्या मागे एक जुना बौद्ध मठ आहे. त्याचं तांदळाचं कोठार ठेवायचं की पाडायचं, हे आमच्या तपासणीवर ठरणार होतं. खाली लाकडी तुळया, वर फळ्यांच्या उंच, बंद कोठ्या. वापर कधीच थांबलेला. मी आणि माझी सहकारी वेइ लिंग भर दुपारी गेलो.

मधल्या कोठीवर मी हातोडीने ठोकलं. आवाज बद्द आला — भरल्या पोत्यावर थाप मारावी तसा. वेइ लिंगने ठोकलं, तेच. लेझर लावला, तर त्या कोठीखालची तुळई चांगलीच वाकलेली.

"आत माल आहे," ती म्हणाली.

मठातल्या वृद्ध भिक्षुणीने — इथे त्यांना शिफू म्हणतात — किल्ली आणून दार उघडलं. आत नुसती धूळ. पुन्हा ठोकलं, पोकळ. पुन्हा लेझर लावला... तुळई सरळ.

वेइ लिंग बाहेर जाऊन बसली. मला भीती वाटली नाही. खरं तर काहीच वाटलं नाही.

शिफू म्हणाल्या, "युद्धात इथे पेजेसाठी रांग लागायची. मी पोरकी, इथेच वाढले. तांदूळ मोठ्या शिफू एकट्याच काढायच्या. या कोठीवर थाप मारून म्हणायच्या, आहे अजून. आवाज भरल्याचाच यायचा."

"मग?"

"त्या वारल्यावर आम्ही कोठी उघडली. आत कोळ्यांची जाळी. जुनी."

"मग पेज कशाची होती?"

"तांदळाची. मी खाल्लीय ना." मग माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "तू जेवलीस?"

इथे हे सगळेच विचारतात. मी नाही म्हणाले. त्यांनी पेज आणली, सोबत खारवलेला मुळा. पायरीवर बसून मी खाल्ली. चव आठवत नाही... पण मी आणखी मागून घेतली.

ऑफिसात म्हणाले, लेझर नीट बसला नसेल. बसला होता. आणि वाकलेलं जुनं लाकूड दार उघडल्याने सरळ होत नाही. रिपोर्टमध्ये मी दुसरं रीडिंग दिलं, कोठार राहिलं. वेइ लिंग तो विषय काढत नाही.

पहिलं रीडिंग मी पुसलेलं नाही. तुळईवर वजन होतं, एवढं मी इंजिनिअर म्हणून सांगू शकते. कशाचं, ते नाही.