बाजार बंद होता तो रविवार

माझं तोंड वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं सगळं समजायला सोपं जाईल. आता वयानं जीभ जरा जड झाली आहे, पण त्या काळात माझ्या तोंडाला लागायला वस्तीतले बाप्येसुद्धा कचरायचे.

निजामाचं राज्य होतं. गोदाकाठच्या काळ्या रानातल्या एका गावात, गावाबाहेर आमची सात घरांची वस्ती होती. मिशनचे एक मास्तर तिथं शाळा चालवायचे. त्यांच्याकडं ऐकून ऐकून सातही घरांनी बाप्तिस्मा घेतला, त्यात आम्ही नवरा-बायकोही होतो. मी अठरा-एकोणीस वर्षांची असेन.

ही बातमी चार कोसांवर कुंभार पिंपळगावला माझ्या माहेरी पोचली, तशी माझी माय तरातरा चालत आली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. अंगणात उभी राहूनच म्हणाली, "आजपासून तुझ्या घरचा घास न्हाई आन् पाणी न्हाई. मला लेक नव्हतीच असं समजंल मी."

मी पाया पडायला हवं होतं. रडायला हवं होतं. पण मी म्हणाले, "नको पिऊ. मी काय आवतन धाडलं व्हतं?"

माय आल्या पावली परत गेली. त्याला तीन वर्षं झाली. तीन वर्षांत निरोप नाही, सणाची चोळी नाही, काही नाही. दिवसा मी तोऱ्यात असायची, पण माहेरच्या बाजूनं येणारी बाई दिसली की माझा हात कामावरून सुटायचा. जीव तुटायचा नुसता.

नाताळ म्हणजे नवं लुगडं, गोडधोड आणि भजनं, एवढंच आम्हाला सुरुवातीला कळलं होतं. मास्तर मात्र सणापेक्षा त्याच्या आधीच्या चार रविवारांना जास्त जपायचे. त्या दिवसांना ते आगमनाचे दिवस म्हणायचे. "पाव्हणा येणार म्हणल्यावर आपण घर झाडतो का न्हाई? मंग देव येणार म्हणल्यावर मन झाडायला नको?" असं त्यांचं सोपं सांगणं होतं. त्यासाठी त्यांनी आमच्यापुरती एक रीत घालून दिली होती. दर रविवारी शाळेच्या दाराच्या चौकटीला चुन्याचं एक बोट ओढायचं. दुसरं बोट ओढलं की ज्याच्याशी अबोला असेल त्याच्या दारी जाऊन सलाम करायचा. चौथ्या बोटाच्या दिवशी संध्याकाळी कुणी काही मागायचं नाही, काही गायचं नाही, नुसतं दाराकडं तोंड करून गप्प बसायचं. मला हे गप्प बसणं फार जड जायचं.

त्या वर्षी पहिल्याच रविवारी मास्तरांना जालन्याला निघावं लागलं. त्यांची बायको आजारी होती, तिला मिशनच्या दवाखान्यात न्यायचं होतं. बैलगाडी जुंपून तयार होती. त्यांनी मला बोलावलं. वस्तीतल्या बायांत वाचता येणारी मी एकटी. दोन वर्षं त्यांच्याच बायकोकडं पाटी घेऊन बसले होते, आणि त्याचा मला भारी गर्व होता.

"चुन्याची बोटं आता तुझ्या दाराला," मास्तर म्हणाले. "आजचं पहिलं. असे चार रविवार. चौथ्या रविवारानंतर चौथ्या दिवशी नाताळ. मी काही तवर परत येत न्हाई. उपासना तूच वाचून घे."

ही मोजणी म्हणजे सोपं काम नव्हतं. पटवाऱ्याच्या दफ्तरात बहमन महिना लागायचा, गावातल्या पंचांगात मार्गशीर्ष चाललेला असायचा, आणि डिसेंबर फक्त मास्तरांच्या भिंतीवरच्या कागदात. तो कागद कुलपात बंद झाला. आम्हाला रविवार कळायचा तो बाजारावरून. शेजारच्या गावचा बाजार रविवारी भरायचा. त्या दिवशी कापसाची वेचणी बंद, मजुरांना सुट्टी, आणि आमची उपासनाही त्याच दिवशी.

गाडी हलता हलता मी मास्तरांच्या मागं धावले. "वाटंत पिंपळगाव लागंल. माझ्या मायला सांगा, नाताळाला ये म्हणावं. मी पाया पडते म्हणावं." हे शेवटचं वाक्य तोंडातून कसं निघालं ते माझं मला ठाऊक. मास्तर म्हणाले, "सांगतो. दिवससुद्धा नक्की करून सांगतो."

मग मी तयारीला लागले. मनातल्या मनात सगळं ठरवलं. सणाच्या आधी भिंती पोपडे काढून पांढऱ्या मातीनं पोतारायच्या, जमीन उकरून नवी करायची, आणि पुरणपोळी करायची. मायला पुरणपोळी फार आवडायची. तिनं आत येऊन बसावं आणि म्हणावं, लेकीनं बाटून घेतलं खरं, पण घर कसं लख्ख ठेवलंय. नवरा म्हणाला, "येतील का त्या?" मी म्हणाले, "न यायला काय झालं?" पण रात्री कुशीवर वळले की तोच प्रश्न माझा मलाच पडायचा. ही शेवटची वेळ आहे, आता नाही आली तर कधीच येणार नाही, असं मनानं धरूनच ठेवलं होतं.

दोन बोटं नीट ओढली गेली. मग आजूबाजूच्या गावांत पटकीची साथ आली. बाजार बंद म्हणून दवंडी पिटली. बाजार नाही तर सुट्टी कसली? मालकानं वेचणी चालूच ठेवली. कापूस फुटून लोंबत होता, सकाळी रानात जायचं ते दिवस मावळता परतायचं. एका दिवसासारखा दुसरा दिवस. त्या गडबडीत रविवार आला आणि गेला, आणि मला पत्ता नाही. एकट्या मलाच नाही, सातही घरांना नाही.

नाही म्हणायला, एकीला होता. माझ्या भिंतीला भिंत लागून एक म्हातारी राहायची, आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. दोन दिवसांनी ती माझ्या चौकटीकडं बोट दाखवून म्हणाली, "काय गं, तिसरं बोट काहून न्हाई? परवाच रविवार झाला की."

"बाजार कुठं भरला?" मी म्हणाले.

"अगं बाई, बाजार बंद व्हता. रविवार थोडाच बंद व्हता?"

खरं सांगते, तिचं बरोबर होतं हे मला कळलं होतं. पण चार बाया पाणी भरून येत होत्या, त्या थांबून ऐकत होत्या. मला वाचता येतं, आणि या अंगठाबहाद्दर म्हातारीनं माझी चूक काढावी? मी उसळले. "मावशी, मास्तरनं मोजायचं मला सांगितलंय का तुम्हाला? तुम्हाला तुमच्या कोंबड्या तरी मोजता येतात का?"

मावशीची मान खाली गेली. बाया हसल्या. मी जिंकले.

साथ ओसरून पुढचा बाजार भरला तेव्हा मी ठसक्यात तिसरं बोट ओढलं. तोवर मी इतक्यांदा इतक्या जणांना माझंच बरोबर म्हणून सांगितलं होतं की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. अजून एक रविवार, मग चार दिवस. भरपूर वेळ आहे, असं म्हणून मी त्या आठवड्यात घर सारवायला काढलं.

गुरुवार होता. सकाळीच मी भिंतींचे पोपडे खरडले. जमीन उकरून ठेवली. दारात शेणाचा ढीग, मातीचा चिखल, भांडी अंगणात, केसांत धूळ, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. आणि मी वर मान केली तर अंगणात माय उभी.

तिच्या डोक्यावर लहानसं गाठोडं होतं. पाय धुळीनं भरलेले. तीन वर्षांत केस पार पिकले होते.

तिनं घराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "आज सण हाय ना तुमचा?"

"न्हाई माय. सण पुढच्या गुरुवारी."

"मास्तरनं तं आजचा सांगितल्ता."

"मास्तरला काय माहीत? मोजायचं मला दिलंय," मी म्हणाले. मला रडू येत होतं, लाज वाटत होती आणि रागही येत होता, सगळं एकदमच. तीन वर्षं जिची वाट बघितली ती आली, तर तिला टेकायला हातभर कोरडी जागा नाही. चूल विझलेली. पुरण नाही, गूळसुद्धा आणलेला नाही. अशा घरात आईला बसवायचं? आणि मी बोलून गेले, "माय, आता या चिखलात तुला कुठं बसवू? आठ दिवसांनी ये. समदं आवरून ठेवते, पुरण घालते."

तिच्या मानासाठीच बोलले, असं मला वाटत होतं. मायचा चेहरा मात्र एकदम मिटला. "बरं," म्हणाली. डोक्यावरचं गाठोडं नीट केलं आणि वळली.

"थांबा!" मावशी तिच्या दारातून धावत आली. तिनं मायचा हातच धरला. "जायचं न्हाई बिलकुल. आन् तू गं, चार कोस चालत आलेल्या आईला परत धाडतीस? आजच नाताळ हाय. मी कवाचं सांगून राह्यले."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मायनं कमरेची एक सुतळी काढली आणि माझ्यापुढं धरली. "हे बघ बाई. मला काही वाचता येत न्हाई. मास्तर सांगून गेले त्या दिशी पंचवीस गाठी मारल्या. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी उठलं की आधी एक गाठ सोडायची, मंग चूल पेटवायची. आज शेवटची सोडली आन् निघाले."

सुतळीत आता एकही गाठ नव्हती. पण जिथं जिथं गाठ होती तिथं ती मुडपलेली होती. मी चिखलाच्या हातानं ते मुडपे मोजले. पंचवीस. परत मोजले. पंचवीसच. मग मनात मास्तर गेले तो दिवस धरला, बाजार धरले, आणि तो बंद पडलेला बाजारही धरला. सगळं जुळलं.

मी आठवडे मोजत होते, तेही चुकत. जिनं मला लेक नव्हतीच असं म्हटलं होतं, तिनं मात्र रोज सकाळी उठून माझ्याकडं यायचा एकेक दिवस मोजला होता.

"मावशी," मी म्हणाले, "तुमचं बराबर व्हतं. मी उगाच तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले."

"ते मला तवाच माहीत व्हतं," मावशी म्हणाली. "आता जल्दी चूल पेटव, मी रानातून माणसं बोलावते."

सातही घरची माणसं कापसाच्या ओट्या तशाच घेऊन आली. नवऱ्यानं भांडी सरकवून, गोणपाटाच्या फाऱ्या अंथरून बसायला जागा केली. उकरलेल्या जमिनीवर आमची उपासना झाली. माय उंबऱ्याबाहेर टेकली होती. मी प्रभूच्या जन्माचा भाग वाचायला घेतला. दरसाल ऐकताना मला प्रभूच्या मायला दारातून परत धाडणाऱ्या त्या उतारशाळेवाल्याचा संताप यायचा. मेला, अवघडलेल्या बाईला जागा नाही म्हणतो! त्या दिवशी त्या ओळीशी आले आणि पुढं वाचवेना. त्या बिचाऱ्याच्या घरीसुद्धा सारवण निघालं असेल. तोही म्हणाला असेल, आठ दिवसांनी या, चांगली खोली देतो. देवाला नाही म्हणायला माणूस दुष्टच असावा लागतो असं नाही, घर आवरण्यात गुंतलेला असला तरी पुरतं. हे कुणी मला समजावून सांगितलं नव्हतं. माझ्याच तोंडचे शब्द माझ्या कानात अजून वाजत होते. मी तिथंच रडले, आणि पुढचं वाचन नवऱ्यानं मास्तरांकडून पाठ झालेलं तोंडानंच सांगून पुरं केलं.

आगमन म्हणजे काय, असं आता नातवंडं विचारतात. मी सांगते, झाडा, सारवा, चुना लावा, सगळं करा. पण तो आपल्या तयारीवर येत नाही. तो त्याच्या दिवशी येतो. आपण तेवढं "आत ये" म्हणायचं. बाकी चिखल असला तर असू दे.

उपासना झाल्यावर जेवणं वाढली. सणाचं म्हणून काहीही नव्हतं. ज्वारीच्या भाकरी आणि घाईघाईत शिजवलेली हरभऱ्याच्या पाल्याची भाजी. सगळे पंगतीला बसले. मी हातात भाकरी घेऊन उभी होते आणि उंबऱ्याकडं बघायचा धीर होत नव्हता. घास नाही, पाणी नाही, असं ती म्हणाली होती, आणि माय शब्दाची पक्की. मला कळत होतं, ती पंगतीत बसली तर उद्या तिला भावकीत उत्तर द्यावं लागेल.

"माय," मी म्हणाले, "आत ये."

माय उठली. लुगडं सावरून, ओल्या ढेकळांतून पाय उचलत आली आणि मावशीच्या शेजारी बसली. मी तिच्यापुढं भाकरी ठेवली, भाजी वाढली. तिनं तुकडा मोडला, भाजीला लावला आणि तोंडात घातला. माय सावकाश चावत राहिली. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "मीठ कमी हाय गं. लहानपणापासून हातच आखडता तुझा."

मी मुकाट्यानं उठले आणि तिच्यासाठी मीठ आणलं.